बॅकबेचा हिशोब

मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर शेअरबाजाराच्या पैशातून उभा राहिला. प्रेमचंद रायचंद या कापसाच्या आणि शेअरच्या बड्या दलालाने १८६४ मध्ये विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि घड्याळाच्या मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्याला त्यांच्या आईचे, राजाबाईंचे नाव मिळाले. १८७८ मध्ये २८० फुटांचा मनोरा पुरा झाला, तोपर्यंत ज्या तेजीतून हे पैसे आले होते ती कधीच ओसरली होती आणि खुद्द प्रेमचंदांचे दिवाळे वाजून गेले होते.

ती तेजी अमेरिकेतल्या यादवी युद्धाची होती. १८६१ ते १८६५ ही चार वर्षे अमेरिकेचा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. आलेला पैसा कंपन्यांत, बँकांत आणि समुद्र हटवून जमीन काढण्याच्या योजनांत ओतला गेला. त्यांतली सर्वांत गाजलेली योजना बॅकबे रेक्लमेशनची. पाच हजार रुपये भरलेल्या तिच्या एका शेअरला पन्नास हजारांच्या घरात भाव फुटला. प्रत्यक्ष जमीन अजून पाण्याखालीच होती! १८६५ च्या एप्रिलमध्ये युद्ध थांबले, कापूस कोसळला, आणि १ जुलैला वायद्याचे सौदे पुरे करायची वेळ आली तेव्हा जवळपास सगळी मुंबई एकमेकांची देणेकरी निघाली.

या पडझडीत बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. तिच्या संचालक मंडळावर सरकारने नेमलेली माणसे होती. १८६३ च्या कायद्याने तिच्यावरची जुनी बंधने सैल केली आणि शेअर तारण घेऊन कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. शेअरचा भाव चढला की तारणाची किंमत चढायची, किंमत चढली की आणखी कर्ज मिळायचे, आणि त्या कर्जातून पुन्हा शेअरच घेतले जायचे. बँकेच्या वह्यांत ही कर्जे नीट मांडलेली होती. तारण आणि कर्ज दोन्ही एकाच फुग्यात आहेत, हे मात्र कोणत्याही रकान्यात दिसत नव्हते. पुढे चौकशी आयोग बसला, १८६८ मध्ये जुनी बँक गुंडाळून त्याच नावाची नवी निघाली.

विद्यापीठ तेव्हा अवघ्या आठ वर्षांचे. १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. त्या विद्यापीठात भाषा, इतिहास, गणित, तर्कशास्त्र सगळे होते. ज्या व्यापाराच्या पैशावर त्याचे ग्रंथालय उभे राहिले, त्या व्यापाराची परीक्षा कशी करायची हे मात्र कुठल्याच वर्गात शिकवले जात नव्हते. ते शिकवण्यासाठी मुंबईला १९१३ पर्यंत थांबावे लागले.

याचा अर्थ इथल्या माणसांना हिशोब येत नव्हता असा कुणी काढू नये. पेढीवर उमेदवारीला बसणाऱ्या पोराचे शिक्षण शाळेतल्या पोरापेक्षा कठीण असायचे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ झाल्याशिवाय त्याच्या हाती वही पडत नसे. साडेतीन रुपये भावाने सतरा मणांचे किती, हे त्याला कागद न घेता सांगावे लागे. वहीचा कागद लांबट, त्यावर आखलेल्या रेघा नसत. कागदाला घड्या पाडायच्या, आणि त्या घड्यांचे ठसे म्हणजेच रकाने. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. दिवसभराची देवघेव कीर्दीत क्रमाने उतरायची, कीर्दीवरून एकेका आसामीच्या खात्यावर खतावणी करायची, आणि दिवेलागणीला पेटीतली शिल्लक मोजून मेळ घालायचा. पै इकडची तिकडे झाली तर मेळ बसेपर्यंत दुकान बंद होत नसे.

सरकारी दप्तरही या बाबतीत मागे नव्हते. पेशव्यांच्या फडात वर्षारंभी महालाच्या उत्पन्नाचा आणि खर्चाचा अंदाज बांधत, त्याला बेहेडा म्हणत. वर्षअखेर प्रत्यक्षाचा मेळ घातला की ताळेबंद तयार होई, आणि लांबलचक तपशिलाचा गोषवारा हवा असेल तर तेरीज काढत. अंदाज एका हाती आणि प्रत्यक्ष दुसऱ्या हाती धरून तफावत पाहणे ही आज व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला शिकवली जाणारी गोष्ट मोडी लिपीतल्या कागदांत दिसते. बॅलन्स शीटला मराठीने वेगळा शब्द घडवला नाही, फडातला ताळेबंदच पुढे वापरला, हे उगाच घडलेले नाही.

मात्र ही विद्या घराची होती. पेढीची वही परक्याच्या नजरेला पडत नसे, फडातला कारकुनी हात बापाकडून मुलाकडे जाई. वही ज्याची, प्रश्नही त्यानेच विचारायचे. दुसऱ्याचा हिशोब समोर घेऊन त्याची उलटतपासणी करायची, आणि ती कशी करायची हे जातीबाहेरच्या, घराबाहेरच्या पोराला उघड्या वर्गात शिकवायचे, ही कल्पनाच तिथे नव्हती.

ती उलटतपासणी आधी पुण्यात सुरू झाली, आणि तीही विद्यापीठाच्या बाहेर. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी रानडे सरकारी अहवाल, जमाखर्चाची पत्रके, जकातीचे तक्ते अक्षरशः पिंजून काढत. त्यांच्या जोडीला सरकारी शाळेत हेडमास्तरकी करणारे गणेश व्यंकटेश जोशी होते. आकड्यांवर त्यांची असामान्य पकड होती. फर्ग्युसनमध्ये शिकवणारे आणि शाळेसाठी अंकगणिताचे पुस्तक लिहिणारे गोपाळ कृष्ण गोखले या दोघांच्या हाताखाली तयार झाले. रानड्यांकडे मसुदा न्यायचा, खोडलेला परत आणायचा, पुन्हा लिहायचा, अशी ती तालीम होती.

त्या तालमीचे फळ २६ मार्च १९०२ रोजी व्हाइसरॉयच्या कायदे मंडळात दिसले. सरकार वर्षामागून वर्ष शिल्लक दाखवत होते आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानली जात होती. गोखल्यांनी विचारले, ही शिल्लक आली कुठून? हिंदुस्थान सरकारला विलायतेत दरसाल मोठी रक्कम पौंडांत भरावी लागे. १८९३ मध्ये टांकसाळी खाजगी चांदीला बंद झाल्या आणि पुढे रुपयाचा भाव १३ पेन्सच्या आसपासवरून १६ पेन्सवर चढवला गेला. एका पौंडाचे पेन्स २४०. म्हणजे १३ च्या भावाने एक पौंड भरायला जवळजवळ साडेअठरा रुपये लागत, १६ च्या भावाने फक्त १५. रुपया घसरलेला असताना तूट भरून काढायला कर वाढवले होते. आता ती तूट उरली नव्हती, पण कर तसेच होते. म्हणून शिल्लक. शेतकऱ्याचे पीक वाढलेले नव्हते, उलट मधल्या वर्षांत दोन मोठे दुष्काळ पडले होते आणि प्लेगही आला होता. सरकारचेच आकडे घेऊन गोखल्यांनी सरकारच्या निष्कर्षाची बाजू उलटी केली. व्यवसायाचे विश्लेषण ज्याला म्हणतात ते याहून वेगळे काय असते? फरक एवढाच की इथे पेढी म्हणजे एक साम्राज्य होते.

मुंबईत मात्र निकड वेगळी होती. गिरण्या वाढल्या, भागधारकांच्या कंपन्या वाढल्या, इंग्रजी पद्धतीची दुहेरी नोंद येणारी माणसे मिळेनात. १९०० मध्ये सोहराब दावर यांनी दावर्स कॉलेज ऑफ कॉमर्स काढले आणि कारकून, लेखनिक, हिशोबनीस तयार होऊ लागले. विद्यापीठाच्या पदवीची बाब निराळी होती. गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क, पुढे लॉर्ड सिडनहॅम, यांच्या कारकिर्दीच्या अखेरीस तो निर्णय झाला आणि १९१३ मध्ये सिडनहॅम कॉलेज ऑफ कॉमर्स सुरू झाले. वाणिज्याचे आशियातले पहिले महाविद्यालय असा त्याचा लौकिक आहे. त्याच वर्षी नवा कंपनी कायदा आला आणि कंपन्यांची तपासणी प्रमाणपत्रधारक हिशोब तपासनीसाकडूनच झाली पाहिजे असे बंधन पडले. त्यामुळे हिशोब तपासणाऱ्या माणसाला एकदम किंमत आली. १९१८ मध्ये मुंबई सरकारने गव्हर्नमेंट डिप्लोमा इन अकाउंटन्सी सुरू केला. तो पास व्हायचा, मान्यताप्राप्त अकाउंटंटकडे तीन वर्षे उमेदवारी करायची, मग देशभर कुठेही ऑडिट करता येई. १९३३ मध्ये मद्रासच्या आर. शिवभोगम हा डिप्लोमा मिळवून पहिल्या महिला हिशोब तपासनीस झाल्या. १९४९ च्या १ जुलैला चार्टर्ड अकाउंटंट्सची संस्था स्थापन झाली. १ जुलै १८६५ शी या तारखेचा संबंध नाही, तरी मुंबईच्या माणसाला तो योगायोग खटकल्यावाचून राहत नाही.

सिडनहॅमचे सुरुवातीच्या काळातले प्राचार्य पर्सी अँस्टी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकलेले. त्यांच्या पत्नी व्हेरा अँस्टी त्याच संस्थेच्या पदवीधर. १९२० मध्ये पर्सी वारले. व्हेरा लंडनला परतल्या, लंडन स्कूलमध्ये शिकवू लागल्या, आणि १९२९ मध्ये हिंदुस्थानच्या आर्थिक विकासावरचा त्यांचा जाडजूड ग्रंथ निघाला. पुढच्या कित्येक वर्षांत लंडनला गेलेल्या भारतीय विद्यार्थ्यांचा मुंबईत राहून गेलेल्या या बाईंशी परिचय होई.

पण सिडनहॅमच्या त्या पहिल्या वर्षांतले सर्वांत मोठे नाव भीमराव रामजी आंबेडकर. नोव्हेंबर १९१८ मध्ये, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी, राजकीय अर्थशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते महिना साडेचारशे रुपयांवर रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेला हा तरुण काय शिकवणार, अशी सुरुवातीला मुलांत कुजबुज होती. थोड्याच दिवसांत दुसऱ्या महाविद्यालयांची मुले परवानगी घेऊन त्यांच्या तासाला येऊन बसू लागली. त्याच महाविद्यालयात, प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्याला त्यांनी हात लावण्यावर काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. त्याआधी शेअर आणि गुंतवणुकीवर सल्ला देणारी छोटी पेढी त्यांनी काढून पाहिली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक यायचे थांबले. सल्ला चुकीचा निघाला म्हणून कुणी गेले नव्हते.

१९१८ मध्येच त्यांचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा निबंध इंडियन इकॉनॉमिक सोसायटीच्या नियतकालिकात आला. तो आज वाचला तरी व्यवसाय विश्लेषणाचा उत्तम नमुना म्हणून वर्गात ठेवता येईल. तेव्हाची चर्चा अशी होती की वाटण्यांमुळे शेतांचे तुकडे पडतात, म्हणून उत्पन्न कमी. उपाय असा सुचवला जाई की तुकडे जोडा, आणि एका कुटुंबाचे सुखाने पोट भरेल एवढे शेत ठरवून द्या. मुंबई इलाख्याच्या शेतीखात्यातल्या जाणकारांचे मत या बाजूचे होते. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे डॉ. हॅरॉल्ड मान यांनी पिंपळे सौदागर हे गाव घराघराने, बांधाबांधाने मोजून काढले होते. आजच्या आयटीवाल्यांच्या सोसायट्यांनी भरलेले तेच हे पिंपळे सौदागर.

आंबेडकरांनी मोजमापावर वाद घातला नाही. त्यांनी मोजपट्टीलाच हात घातला. कुटुंब किती खाते यावरून शेत किफायतशीर आहे की नाही हे कसे ठरेल? ते ठरेल उत्पादनावरून. जमीन हा उत्पादनाचा एक घटक, बैल, औत, विहीर, भांडवल आणि माणसांचे श्रम हे दुसरे. या घटकांचे एकमेकांशी प्रमाण जुळले तर दोन एकरही किफायतशीर, आणि बिघडले तर वीस एकरही तोट्याचे. एक बैलजोडी असलेल्या शेतकऱ्याला आणखी जमीन दिली तर त्याचे नुकसान वाढेल, कारण त्याच्याकडे ती कसायला साधनच नाही. मग त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: जमिनीवर इतकी माणसे का आहेत? दुसरीकडे काम नाही म्हणून. म्हणजे दुखणे शेतात दिसत असले तरी त्याचे मूळ शेतात नाही, आणि औषध उद्योगधंदे वाढवण्यात आहे. बांधाच्या कायद्याने ते बरे होणार नाही.

हे सगळे अवघ्या काही पानांत आहे. ठरलेले माप का मानायचे, हा प्रश्न त्या माणसाला सुचावा ज्याला जन्मभर दुसऱ्यांनी ठरवलेल्या मापाने मोजले गेले, यात नवल वाटू नये. मार्च १९२० मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि पुढे राहिलेले शिक्षण पुरे करायला ते लंडनला गेले. जाण्याआधी, जानेवारीअखेर, त्यांचे ‘मूकनायक’ हे पत्र सुरू झाले होते. परतल्यावर १९२५ ते १९२८ या काळात ते बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये व्यापारी कायदा शिकवत. वकिली अजून हातातोंडाशी गाठ घालून देत नव्हती, संध्याकाळच्या वर्गांतले ते पैसे घराला लागत.

पुण्यात १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था निघाली आणि धनंजयराव गाडगीळ तिचे संचालक झाले. संस्थेने आरंभीच हाती घेतलेले विषय पाहण्यासारखे आहेत. १९३३ मध्ये पुण्याच्या फळबाजाराची पाहणी, १९३५ मध्ये मुंबई इलाख्यातल्या सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची. फळ बागेतून निघते तेव्हा त्याचा भाव काय, दलालाकडे काय, गिऱ्हाइकाच्या पिशवीत पडते तेव्हा काय, आणि मधला पैसा कुणाच्या हाती राहतो. एसटीचे नावही नव्हते तेव्हा खाजगी बसवाल्याला धंदा का परवडत नाही. पेढीच्या वहीत न मावणारे हे प्रश्न बाजारात आणि मोटारस्टँडवर उभे राहून विचारले गेले.

स्वातंत्र्यानंतर सगळीकडे व्यवस्थापनाचे वारे वाहू लागले. कलकत्त्यात १९५३ मध्ये समाजकल्याण आणि व्यवसाय व्यवस्थापनाची संस्था निघाली. मग फोर्ड फाउंडेशनच्या मदतीने मोठ्या राष्ट्रीय संस्थांचा बेत ठरला. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्राध्यापक जॉर्ज रॉबिन्स पाहणी करून गेले आणि पहिल्या आराखड्यात कलकत्ता आणि मुंबई ही दोन गावे होती. संस्था विद्यापीठाच्या नियमांच्या दावणीला न बांधता स्वायत्त असाव्यात असा रॉबिन्स यांचा आग्रह. १९६१ मध्ये पहिली संस्था कलकत्त्याला झाली, दुसरी मात्र विक्रम साराभाई आणि कस्तुरभाई लालभाई यांच्या प्रयत्नाने अहमदाबादला गेली. देशातले वाणिज्याचे सर्वांत जुने महाविद्यालय ज्या शहरात, ते शहर मागे राहिले. मुंबई विद्यापीठाने १९६५ मध्ये स्टॅनफर्डच्या सहकार्याने जमनालाल बजाज व्यवस्थापन संस्था काढून ती उणीव स्वतः भरून काढली.

अहमदाबादने हार्वर्डची केस पद्धत आणली. हार्वर्डची व्यवसायशाळा १९०८ ची. तिथे वकिलीच्या वर्गाचा धडा घेऊन खऱ्या कंपनीची खरी अडचण कागदावर मांडायची, मुलांनी ती आदल्या रात्री घोकायची आणि दुसऱ्या दिवशी वर्गात एकमेकांशी भांडून निर्णय घ्यायचा, अशी रीत पडली. शिक्षक उत्तर देत नाही. पेढीवरच्या उमेदवाराला वर्षानुवर्षे बसून जे दिसे ते वर्गातल्या मुलाला दोन वर्षांत शेकडो कंपन्यांच्या रूपाने दाखवायचे, हा त्यामागचा विचार. एका अर्थी उमेदवारीच, पण हजार पेढ्यांवरची आणि कुणाचाही मुलगा किंवा मुलगी असलात तरी मिळणारी.

त्याच हार्वर्डच्या वर्गात १९७८ मध्ये डॅन ब्रिकलिन नावाचा विद्यार्थी बसला होता. फळ्यावर मोठा तक्ता मांडलेला. त्यातला एक आकडा चुकीचा निघाला की त्याच्यावर अवलंबून असलेले सगळे आकडे पुसून पुन्हा लिहावे लागत. ब्रिकलिनला वाटले, एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलावेत असा फळा का नसावा? बॉब फ्रँकस्टनच्या मदतीने त्याने तो बनवला. १९७९ मध्ये ॲपल टू या संगणकावर तो व्हिजिकॅल्क नावाने आला आणि पुढे लोटस, एक्सेल वगैरे सगळी त्याचीच पिलावळ. आज कोणत्याही व्यवस्थापन संस्थेतल्या मुलाच्या लॅपटॉपवर दिसणारे आडवे उभे रकाने म्हणजे वहीच्या कागदावर पडलेल्या त्या घड्याच. ‘मागणी दहा टक्क्यांनी घटली तर?’ हे विचारायला पूर्वी मुनिमाला रात्र घालवावी लागे. आता पोरगी तो प्रश्न वीस वेळा विचारते आणि चहा गार व्हायच्या आत उत्तरे ओळीने समोर असतात. मात्र मागणी कोणत्या मापाने मोजायची, हे रकाना सांगत नाही. तिथे आंबेडकरांचा तो निबंधच उपयोगी पडतो, आणि तो अभ्यासक्रमात असायला हवा असे प्रस्तुत लेखकाला मनापासून वाटते.

१८६५ मध्ये बुडालेल्या बॅकबेच्या योजनेला १९२० च्या दशकात गव्हर्नर लॉईड यांनी पुन्हा हात घातला. खर्च अंदाजाच्या पलीकडे गेला, उपसलेला गाळ भरतीबरोबर वाहून जाऊ लागला. वकील खुर्शेद नरीमन यांनी सरकारचे अंदाज आणि प्रत्यक्ष आकडे शेजारी ठेवून घोटाळा चव्हाट्यावर आणला, त्यापायी बदनामीचा खटला अंगावर घेतला आणि तो जिंकला. योजना कापली गेली, तरी चर्चगेटकडची जमीन समुद्रातून वर आली आणि तिच्यावर इमारती उभ्या राहिल्या. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून बी रोडला वळले की सिडनहॅम कॉलेज लागते. तिथून चालत काही मिनिटांवर जमनालाल बजाज संस्था आहे. तिच्या पत्त्यात आजही लिहितात: १६४, बॅकबे रेक्लमेशन.